फोल्डर आणि पत्ता: संकेतस्थळावरील मांडणीचा इतिहास

संकेतस्थळावरील फाइली आणि चित्रे कशी लावायची हा ते स्थळ चालवणाऱ्याचा घरगुती प्रश्न असल्याचे सामान्यतः मानले जाते. परंतु महाजालाच्या जन्मापासूनच ही आतली मांडणी वाचकासमोर उघडी राहिली, कारण सर्व्हरवर, म्हणजे मागणी येताच पाने पुरवणाऱ्या संगणकावर, फाइल ज्या फोल्डरात ठेवलेली असे त्याचे नाव तिच्या जाहीर पत्त्यातच उमटत असे. कपाटातल्या खणाचे नाव दारावरच्या पाटीत गुंफावे तसाच हा प्रकार होता. खण बदलला की पाटी खोटी ठरे, आणि पुढच्या काळातील बहुतेक सुधारणा पत्ता व साठवण यांची ही गाठ सोडवण्यासाठीच झाल्या.

फोल्डरात फोल्डर ठेवण्याची पद्धत महाजालाहून बरीच जुनी आहे. एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या ‘मल्टिक्स’ या संगणकप्रणालीसाठी डेली आणि न्यूमन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात एका मुळापासून फुटत जाणाऱ्या शाखांची रचना होती, आणि मुळापासून फाइलीपर्यंतच्या शाखांची नावे क्रमाने लिहिली की तिचा ‘मार्ग’ तयार होत असे. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत आकाराला आलेल्या युनिक्सने हीच रचना घेऊन मार्गातील नावांमध्ये तिरपी रेघ घातली. वैयक्तिक संगणकांवर मात्र वेगळे वळण लागले: एमएस-डॉसच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच, आणि १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आले तेव्हा तिरपी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडलेली असल्याने उलटी रेघ स्वीकारावी लागली. घरी एमएस-डॉसच्या वारशातून आलेल्या विंडोजवर पाने तयार करून ती युनिक्स सर्व्हरवर चढवणाऱ्यांना हा भेद पुढे फार जाचला, त्यातच विंडोज नावांतील रोमी मोठ्या-लहान अक्षरांत फरक करीत नसे आणि युनिक्स करीत असे. त्यामुळे घरी दिसणारे चित्र सर्व्हरवर सापडत नसे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत महाजालाचा पहिला सर्व्हर चालवला, तो युनिक्सवर आधारलेल्या नेक्स्ट संगणकावर, आणि साहजिकच पहिल्या पानाच्या पत्त्यातही फोल्डरांची नावे तिरप्या रेघांनी जोडलेली होती. पत्त्यांच्या रचनेविषयी जून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणात त्यांनी बजावले की या रेघांचे युनिक्सच्या मार्गांशी असलेले साम्य योगायोग समजावे आणि पत्त्याला फाइलीचे नाव मानू नये. इशारा योग्य होता, पण व्यवहार उलट दिशेने गेला होता, कारण ठरावीक फोल्डर जसाच्या तसा जगापुढे मांडणे हाच सर्व्हर चालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता.

चित्रांमुळे मांडणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. मार्क अँड्रीसन यांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचवलेल्या आणि त्याच वर्षी मोझेक या ब्राउझरने लोकप्रिय केलेल्या पद्धतीत चित्र पानात दिसते, पण पानात नसते: पानात केवळ त्याचा पत्ता असतो आणि ब्राउझर ते स्वतंत्रपणे मागवतो. छापील पुस्तकात चित्र आणि मजकूर एकाच बांधणीत राहतात. येथे दोन्हींचा संबंध एका ओळीवर टांगलेला असतो. म्हणून चित्रांसाठी निराळा फोल्डर ठेवण्याची रीत लवकरच रूढ झाली. ती टापटिपीची खरी, पण कोणते चित्र कोणत्या लेखाचे ही माहिती तिने पुसून टाकली, आणि जुन्या स्थळांच्या चित्रफोल्डरांत शेकडो अनाथ फाइली साचण्याचे हे एक मोठे कारण होय.

१९९८ मध्ये बर्नर्स-ली यांनी पत्ते कायम राहावेत यासाठी त्यांतून विषय, लेखकाचे नाव आणि फाइलीचा प्रकार वगळण्याचा आग्रह धरला. निर्मितीची तारीख तेवढी चालेल, कारण ती बदलत नाही. वर्गीकरण माणसाच्या मताप्रमाणे पालटते हे ओळखणारा हा सल्ला या इतिहासातील सर्वांत शहाणा म्हणावा लागेल. २००३ मध्ये सुरू झालेल्या वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीने चढवलेली चित्रे वर्ष आणि महिना यांच्या फोल्डरांत ठेवण्याची जी पद्धत रुळवली, ती त्याच विचाराशी जुळणारी आहे.

प्रचंड संग्रहांना तारीखही पुरेना. विकिपीडियामागील मीडियाविकी ही प्रणाली चित्राच्या नावावर गणिती प्रक्रिया करून निघालेल्या संख्येच्या पहिल्या दोन चिन्हांवरून त्याला २५६ उपफोल्डरांपैकी एकात टाकते. या फोल्डरांना माणसाच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही, फक्त एकाच ठिकाणी गर्दी होत नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये २६० अब्जांहून अधिक चित्रांच्या साठ्याविषयी लिहिताना दाखवून दिले की चित्र वाचण्याइतकाच ते कोठे आहे हे शोधण्याचा खर्च जड होतो, आणि म्हणून त्यांनी असंख्य चित्रे एकाच अजस्र फाइलीत सलग ठेवली. ॲमेझॉनने २००६ मध्ये खुल्या केलेल्या एस-थ्री या साठवणसेवेत तर फोल्डर मुळात नाहीत. नावातील तिरपी रेघ तेथे इतर अक्षरांसारखेच एक अक्षर असते.

मराठीत काम करणाऱ्यांना पत्ता आणि फाइलीचे नाव यांच्या गाठीचा काच वेगळ्याच जागी जाणवतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ रोमी चिन्हांनी लिहिले जाते, म्हणून ‘महाराष्ट्र’ या एका नावाला ९० चिन्हे लागतात, आणि बहुतेक मराठी स्थळांच्या फोल्डरांची आणि चित्रांची नावे रोमीतच राहतात. ही हानी खरी आहे, कारण छायाचित्राचे नाव हेच पुष्कळदा त्याचे एकमेव वर्णन असते. शिवाय ‘दऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा ‘र’ युनिकोड या अक्षरसंकेतप्रणालीत तीन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ हे एकच चिन्ह घेऊन, ‘र’ खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’ला हलन्त करून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. मॅक संगणकांची १९९८ ची फाइलव्यवस्था पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात करीत असे, युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स प्रणालीचा सर्व्हर मात्र दोन्हींना भिन्न मानतो, त्यामुळे डोळ्यांना अचूक वाटणारी लिंकही रिकामी निघते. मीडियाविकी पहिली दोन रूपे एकच करून घेते. तिसरे तसेच राहते, आणि दिसायला हुबेहूब तेच नाव असलेले चित्र बहुधा दुसऱ्याच उपफोल्डरात जाऊन पडते.