खळ्यावरचा वाटा

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरताना सगळ्यांचं लक्ष वरच्या लाकडी कमानींकडे असतं. दर्शनी भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे फारसं कोणी बघत नाही. आणि आपल्या मावळाचा सगळ्यात जुना सातबारा म्हणावा असा कागद (म्हणजे दगड) नेमका तिथेच आहे!

नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने करजिक नावाचं गाव वलूरकच्या लेण्यांतल्या भिक्षूंना दिलं. वलूरक म्हणजे आपलं कार्ले. कशासाठी दिलं? तर पावसाळ्यात इथे राहणाऱ्यांच्या निर्वाहासाठी. मावळातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला याचं कारण वेगळं सांगायला नको. पुढे सातवाहनांचं राज्य आल्यावर तिथल्या राजाने 'मामाल' इथल्या अमात्याला हुकूम पाठवला: हे गाव भिक्षूंचंच राहील, राजाच्या माणसांनी तिथे शिरायचं नाही, मिठासाठी जमीन खणायची नाही. मामाल म्हणजे मावळ. अशा जमिनीला लेखात शब्द आहे 'भिक्षुहल', भिक्षूंचा नांगर. भिक्षू काही नांगर धरत नव्हते. नांगर दुसऱ्याचा, पीक त्यांचं.

म्हणजे शेती न करणाऱ्या माणसाने धर्माचं काम करायचं आणि त्याचं पोट शेतकऱ्याने भरायचं. हे सगळीकडेच आहे म्हणा. पण ज्यू लोकांनी याचा जितका काटेकोर हिशेब मांडला तितका क्वचितच कोणी मांडला असेल.

त्यांच्या बारा वंशांपैकी लेवी वंशाला शेतजमिनीचा वाटा नव्हता. राहायला अठ्ठेचाळीस गावं आणि भोवतीची गायरानं, बस्स. काम देवळाचं: गाणं, पहारा, उचल-ठेव. त्यांच्यातलंच अहरोनचं घराणं म्हणजे कोहेन, प्रत्यक्ष याजक. आता समजा खळ्यावर हजार पायली धान्य पडलं. आधी 'तेरुमा' काढायचा, साधारण पन्नासावा भाग, म्हणजे वीस पायली, कोहेनाला. उरलेल्या नऊशे ऐंशीचा दशमांश, अठ्ठ्याण्णव पायली, लेवीला. आणि लेवीची सुटका नाही, त्याने आपल्या वाट्याचा दहावा भाग पुन्हा कोहेनाला द्यायचा! उरलेल्याचा आणखी एक दशमांश काही वर्षी यरुशलेमला नेऊन खायचा आणि तिसऱ्या-सहाव्या वर्षी गरिबांना द्यायचा. सातव्या वर्षी जमीन पडीक.

मला यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाबद्दल बोलताना त्यांचा ग्रंथ लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना एकाच दमात मोजतो. धर्माचं काम करणारा आणि ज्याला कोणी नाही तो, दोघे एकाच ओळीत, कारण दोघांनाही जमीन नाही. दुसरी म्हणजे वाटा द्यायलाच हवा, पण कुठल्या कोहेनाला द्यायचा ते शेतकरी ठरवतो. कार्ल्याच्या शेतकऱ्याला असं कोणी विचारलं नसणार. त्याचं गाव वरच्या वर दिलं गेलं.

आपल्याकडचे बेने इस्राएल या हिशेबातून दोन्ही बाजूंनी मोकळे. शेतीचा दशमांश इस्राएलच्या भूमीला लागू, कोकणातल्या भाताला नाही. आणि त्यांच्यात परंपरेने कोहेन किंवा लेवी घराणीही नव्हती. धर्मकार्यं काझी करत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' ही त्यांची गावातली ओळख.

मावळातल्या गावात खळ्यावरचा वाटा म्हणजे बलुतं. भाताची मळणी झाली, रास पडली की बारा बलुतेदार यायचे. त्यांच्या तीन ओळी असत, थोरली, मधली आणि धाकटी, आणि वाटा त्या मानाने. याद्या गावोगाव थोड्या बदलतात, पण नेहमीची यादी बघा: थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. आणि भट, गुरव, मुलाणा हे देवाधर्माचे लोक कोळ्याबरोबर धाकट्या ओळीत!

मला हे फार शहाणपणाचं वाटतं. नांगराचा फाळ मोडला तर पेरणी थांबते, गुरवाने बेल उशिरा वाहिला तर थांबत नाही. शिवाय गुरव आणि मुलाणा एकाच राशीतून घेतात, देव कोणाचा हा प्रश्नच नाही.

पण इथेच थांबलं तर आपण आपलीच पाठ थोपटून घेऊ. वाट्याच्या हिशेबात महार थोरल्या ओळीत आणि उभं राहायचं मात्र लांब. हक्काचं असून मागायचं. देवळाचं दार बंद. आणि काम कधी संपलं ते ठरवणार दुसरेच. त्या ग्रंथातल्या एका ओळीत बसलेले लेवी आणि परका मला म्हणूनच पुन्हा पुन्हा आठवतात. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याच कारणाने. वतनाचा तुकडा आणि बलुत्याचं धान्य म्हणजे माणसाला गावाला बांधून ठेवणारं दावं होतं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिलं (१९७८), त्यात धान्यापेक्षा बरंच काही आहे.

वाटा थांबला की काय होतं याचं एक वर्णन नहेम्याच्या पुस्तकात आहे. तो यरुशलेमला परत येतो तर लेवींना वाटा मिळालेला नाही आणि देवळातले गाणारेसुद्धा आपापल्या शेताकडे निघून गेलेत. आपल्याकडचे बलुतेदार शेताकडे कुठून जाणार? १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, लोणावळ्याला स्टेशन आलं. ज्याच्या हातात कसब होतं त्याला मुंबई-पुण्याचा रस्ता मोकळा झाला. लोखंडी फाळ बाजारात मिळायला लागल्यावर लोहाराचं बलुतं कोण देणार? वाटा रोख झाला आणि मग मजुरी झाला.

गुरव बऱ्याच ठिकाणी टिकला आहे. धाकट्या ओळीतला म्हणून असेल, त्याचं काम बाजाराने घेतलं नाही. इस्राएलमध्ये देऊळ सत्तर सालीच पडलं, तरी धार्मिक घरांत आजही भाजी-धान्यातून एक टक्क्याहून किंचित जास्त भाग बाजूला काढतात. शुद्धतेचे नियम पाळणं शक्य नसल्याने कोहेन तो खाऊ शकत नाही, म्हणून नीट गुंडाळून टाकून देतात. सभास्थानात मात्र तोरा वाचायला पहिला मान अजून कोहेनाचा, दुसरा लेवीचा, आणि आशीर्वाद देण्याआधी कोहेनाच्या हातावर पाणी घालायला लेवी उभा असतो.