अध्ययन अक्षमता : विद्यार्थ्यांसाठी मदत आणि साधने

अध्ययन अक्षमता : बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, डोळे-कान ठीक, शाळेत हजेरी नियमित, तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांत वयाच्या मानाने फार मागे राहणे, या अवस्थेला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. अडचण वाचनात असेल तर डिसलेक्सिया, लेखनात असेल तर डिसग्राफिया आणि आकड्यांत असेल तर डिसकॅलक्युलिया. अनेक मुलांत यांपैकी दोन किंवा तिन्ही एकत्र असतात. अवस्था मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहे. ती आळसाने किंवा लाडाने येत नाही आणि औषधाने जात नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेनुसार शालेय वयातील ५ ते १५ टक्के मुलांत ती आढळते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते सहा मुले. मराठी शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या या मुलांना एकाच अक्षराने ओळखले : ‘ढ’. या नोंदीत महाराष्ट्रातील अशा विद्यार्थ्यांना कोणती मदत, कुठे आणि कोणत्या वयात मिळू शकते याचा विचार केला आहे.

‘डिसलेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये वापरला. शाळकरी मुलातील जन्मजात शब्दांधत्वाचे वर्णन इंग्रज डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये केले. ‘लर्निंग डिसअॅबिलिटी’ ही संज्ञा सॅम्युएल कर्क या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९६३ मध्ये रूढ केली. मुंबईत महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन १९९६ मध्ये स्थापन झाली आणि त्याच सुमारास राज्याच्या बोर्डाच्या परीक्षांत सवलती सुरू झाल्या. घराघरांत हा विषय पोहोचला तो मात्र २००७ च्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटामुळे. कायद्याला त्यानंतरही जवळपास दहा वर्षे लागली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत हा नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकार मान्य केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला.

मराठी लिपी आणि मराठी आकडे. डिसलेक्सियाविषयीचे बहुतेक साहित्य इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. त्यात ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिणाऱ्या मुलाचे उदाहरण हमखास येते. मराठी मुलाच्या चुका वेगळ्या असतात आणि त्या ओळखता येणे हीच शिक्षकाने करायची पहिली मदत आहे. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र क आधी येतो. ‘सूर्य’ म्हणताना र हा य च्या आधी उच्चारायचा, पण रफार काढायचा य च्या डोक्यावर. एकच र ‘कर्म’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत चार रूपे घेतो. शिवाय घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या आहेतच.

तिसरीतला एखादा मुलगा ‘विद्यार्थी’ हा शब्द कसा वाचतो ते जवळ बसून ऐकावे. ‘वि’ येतो. ‘द्या’वर बोट थांबते, तो ‘दय’ म्हणून पाहतो, मग ‘ध’. रफाराकडे लक्षच जात नाही. चित्रात शाळा दिसते म्हणून तो ‘विद्यालय’ असे ठोकून देतो आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहतो. पुढच्या ओळीत हाच शब्द पुन्हा आला की सगळा खटाटोप पहिल्यापासून. हा मुलगा धडा तोंडी ऐकला तर प्रश्नांची उत्तरे बिनचूक देतो. ऐकून समजणे आणि वाचून समजणे यांतली ही दरी दिसली, की तपासणीची वेळ झाली असे समजावे.

आकड्यांचेही तसेच आहे. ५३ लिहिताना पाच आधी, ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी. २९ मध्ये दोन दिसतो आणि ‘एकोणतीस’ मध्ये तीस ऐकू येतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत जोडीला दिली, तेव्हा राज्यभर वाद पेटला. भाषेच्या अंगाने त्यावर काहीही मत असो, डिसकॅलक्युलिया असलेल्या मुलाच्या हाती ती पद्धत द्यायलाच हवी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

ज्या भाषेत मूल शिकते त्या भाषेत त्याची चाचणी व्हावी, हा आग्रह पालकांनी धरायचा तो याचसाठी. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी अशा मुलाच्या बाबतीत तर दुहेरी काळजी लागते. इंग्रजी कानावर न पडल्यामुळे मागे पडलेले मूल आणि अध्ययन अक्षम मूल वरवर सारखेच दिसते. दोन्ही भाषांत तपासल्याशिवाय निदान करणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

ओळख, तपासणी, प्रमाणपत्र. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरी इयत्ता किंवा आठ वर्षे वय, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शाळेने प्राथमिक पडताळणी करायची असते. त्यासाठी एनसीईआरटीची ‘प्रशस्त’ ही पडताळणी सूची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकालाही मुलाविषयी सांगता येते. पथक त्याला जिल्ह्याच्या लवकर हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी समग्र शिक्षा अभियानातील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात नेमलेले असतात. त्यांचे नाव मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना विचारावे.

पडताळणी म्हणजे निदान नव्हे. निदानात बालरोगतज्ज्ञ मुलाची दृष्टी, श्रवण आणि मज्जासंस्था तपासतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंक काढतात आणि त्यानंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. या चाचण्यांसाठी बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेचा चाचणीसंच नेमून दिला आहे. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या पालिका रुग्णालयांत हे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. मूळ सूचनांमध्ये २०२४ साली सुधारणा झाल्या. अर्ज करताना चालू नियम रुग्णालयातच विचारून घ्यावा. ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावरून वैश्विक ओळखपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडीसाठी, अर्ज करता येतो.

रुग्णालयात जाताना कोणत्या वह्या न्यायच्या, हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक घरांतून सुवाच्य वही नेली जाते : कव्हर घातलेली, आईने शेजारी बसून लिहून घेतलेली. तिचा उपयोग नाही. मुलाने वर्गात एकट्याने लिहिलेली कच्ची वही न्यावी, फळ्यावरून उतरवताना अर्धवट सुटलेल्या ओळींसकट. दोन-तीन वर्षांच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका, प्रगतिपुस्तके, शाळेचे पत्र, जुने केसपेपर हे सगळे तारीखवार लावून एका फायलीत ठेवावे. शाळा, रुग्णालय आणि बोर्ड या तिन्ही ठिकाणी मुलाची संपूर्ण हकिगत सांगणारी तेवढी एकच गोष्ट असते.

परीक्षेतील सवलती. राज्य मंडळात दर तासाला २० मिनिटे वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणे, एका भाषेऐवजी कार्यानुभवासारखा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि कार्यानुभव अशा सवलती रूढ झाल्या आहेत. केंद्रीय मंडळ तीन तासांच्या पेपराला एक तास अधिक देते, आणि डिसकॅलक्युलिया असेल तर साधा कॅल्क्युलेटर वापरू देते. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. तो दहावीच्या दिवाळीनंतर हाती घेतला की धावपळ अटळ होते. नववी सुरू होतानाच कागद तयार असावेत. गणित सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी पुढे कोणत्या शाखांचे दरवाजे बंद होतील, हे मुलाशी बोलून ठरवावे. ते त्याचे आयुष्य आहे. ज्यांना नेहमीची चौकट झेपत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे : एका तरी भाषेसह पाच विषय, आणि पाच वर्षांत नऊ संधी.

लेखनिकाबाबत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. सांगून लिहवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. सराव नसलेला विद्यार्थी उत्तर एका दमात सांगून टाकतो. लेखनिक खालच्या इयत्तेतला, त्याला ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहिता येत नाही, आणि दोघेही गोंधळून थांबतात. ‘नवा परिच्छेद’, ‘इथे पूर्णविराम’, ‘आकृतीला नावे दे’, ‘आता वाचून दाखव’ हे बोलण्याची सवय आठवीपासून, घरी धाकट्या भावंडाला समोर बसवून करता येते. परीक्षेपूर्वी त्याच लेखनिकाबरोबर निदान दोन पूर्ण पेपर सोडवावेत.

हक्क नाकारला गेला तर न्यायालयाचे आधार आहेत. बेंचमार्क दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के, नसले तरी गरजेनुसार लेखनिक मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला वाढीव वेळ नाकारला गेला होता. न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही, पण अन्याय झाल्याचे मान्य करून परीक्षा घेणाऱ्या संस्थेला भरपाईची पावले उचलायला सांगितले.

शिकवणे. सवलत आणि शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीच्या मागे धावताना दुसरी मागे राहते. प्रमाणपत्राने पेपर सुसह्य होतो. वाचता येऊ लागत नाही. वाचता येते ते उपचारात्मक अध्यापनाने : आठवड्यातून दोन-तीन तास, प्रशिक्षित विशेष शिक्षकाकडे, शक्यतो एकास एक, आणि काही वर्षे. ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे तत्त्व असे की अक्षर एकाच वेळी पाहावे, ऐकावे, म्हणावे आणि हाताने अनुभवावे. मराठीत ते फार सहज उतरते. परातीत रवा पसरून बोटाने ‘र्थी’ काढायचा, काढता काढता मोठ्याने म्हणायचा. शब्दाचे तुकडे टाळ्यांवर पाडायचे : वि-द्या-र्थी, तीन टाळ्या. रफार लाल खडूने, वेलांटी निळ्या खडूने. एका आठवड्यात एकच जोडाक्षर, पण ते पक्के. विशेष शिक्षक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. डोळ्यांचे व्यायाम, आहार किंवा महागडी यंत्रे यांनी डिसलेक्सिया बरा करण्याचा दावा करणाऱ्यांपासून दूर राहावे. त्यात पैशाबरोबर मुलाची हाताशी असलेली वर्षेही जातात.

मुंबईत महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन आणि ‘उम्मीद’ बालविकास केंद्र, पुण्यात डॉ. अंजली मॉरिस यांच्या नावाचे प्रतिष्ठान आणि गोव्यात ‘सेतू’ या संस्था या क्षेत्रात काम करतात. मुंबई-पुण्याबाहेर मात्र प्रशिक्षित शिक्षक मिळणे कठीण आहे, आणि लातूर-गडचिरोलीच्या पालकांना केवळ तपासणीसाठी शहर गाठावे लागू नये, एवढी मागणी अवाजवी नाही.

घरची साधने. बालभारतीची पुस्तके संगणकीय स्वरूपात मोफत मिळतात. मोबाइल मराठी मजकूर वाचून दाखवतो आणि मराठीत बोललेले टंकून देतो. डिसग्राफिया असलेल्या मुलाचा निबंध पहिल्यांदा असा बाहेर पडतो तेव्हा तो किती लांब असतो हे पाहून घरचेच थक्क होतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत. २०१६ पासूनच्या ‘सुगम्य पुस्तकालया’त छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना पुस्तके मिळतात, आणि या व्याख्येत डिसलेक्सियाही बसतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात मात्र अध्ययन अक्षमता येत नाही. त्यासाठी कार्यालयात हेलपाटे घालू नयेत.

दहावीनंतर. बेंचमार्क दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आरक्षण लागू होते आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट मिळते. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे त्यात ही अवस्था येते. प्रमाणपत्रावर टक्केवारी नोंदली आहे ना, हे घेतानाच पाहावे. प्रवेश अर्जातील दिव्यांगत्वाचा रकाना पुष्कळ विद्यार्थी लाजेने रिकामा सोडतात आणि मग सत्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लेखनिकासाठी प्राचार्यांच्या दाराशी उभे राहतात. तो रकाना जूनमध्येच भरावा.