वळचण आणि दप्तर : किकवीकडील जुन्या घरांच्या फाल्गुनांतील पाहणीविषयीं

जुनीं दप्तरें कशानें नष्ट झालीं हा प्रश्न निघाला म्हणजे संग्राहक मंडळी कसर, वाळवी, उंदीर आणि वाण्याची पुडी यांचीं नांवें घेतात. हीं कारणें खरीं आहेत. परंतु यांतील पहिल्या दोहोंस वाट करून देणारें कारण घराबाहेर असतें, व त्याकडे लक्ष थोडें जातें. आढ्याजवळचें एक कौल सरकलें म्हणजे वासा, माळा आणि माळ्यावरचा रुमाल असा पाण्याचा मार्ग ठरलेला. भिजलेलीं पानें वाळतांना एकमेकांस चिकटतात, ओलाव्याच्या मागोमाग वाळवी येते, आणि पुढें दोष मात्र एकट्या वाळवीच्या पदरीं पडतो.

किकवी हें पुणें-सातारा रस्त्यावरील, भोर तालुक्यांतलें गांव. त्याच्या पश्चिमेस भोर व वेल्हें यांकडील खोरीं सह्याद्रीच्या मुख्य रांगेपर्यंत चढत जातात, आणि पाऊसही त्याच क्रमानें वाढतो. या बाजूच्या जुन्या घरांस काळ्या दगडाचें जोतें, त्यावर कच्च्या विटांची किंवा मातीची जाड भिंत, लांकडी खांब व तुळया, आणि वर नळीचीं कौलें. गरिबाच्या घरीं कौलांच्या जागीं गवत. अशी भिंत कोरडी आहे तोंवर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. बुडाशीं ओल धरली कीं एका पावसाळ्यांत बसते. महसुली कागदांत शेतजमिनीस काळी व गांवठाणास पांढरी म्हणत, हें वाचकांस ठाऊकच आहे. ही पांढरी पुष्कळ अंशीं पडलेल्या भिंतींचीच माती होय, व तीच फिरून नव्या भिंतींत जात आली. तींत किती कागद मिसळले असतील, याचा हिशेब कोणीं ठेवावा?

थंड मुलुखांत हिंवाळा सरल्यावर घर बाहेरून तपासतात, कारण सांध्यांत शिरलेलें पाणी गोठून फुगतें व दगडविटा फोडतें. आमच्याकडे बर्फ नाहीं. तरी तपासणीचा काळ जवळजवळ तोच येतो. आषाढ-श्रावणांत भिंत पाणी पिते, आश्विनापासून हळूहळू वाळते, आणि माघाअखेर पुरती वाळली म्हणजे तिच्या भेगा खऱ्या रुंदीनें दिसूं लागतात. फुगलेलें लांकूडही तोंवर आकसलेलें असतें. रब्बीचें पीक हातीं येऊन माणसें मोकळीं होतात, गवत वाळलेलें असतें, आणि मृगापर्यंत तीन महिने हाताशीं असतात. घर शाकारण्याचे दिवस ते हेच.

शाकारणारा कौलें उतरवून फुटकीं निवडतो, शेवाळ झाडतो, कुजक्या रीपा बदलतो. परंतु त्यास शिडीवर चढविण्यापूर्वीं घराभोंवतीं एक फेरी मालकानें स्वतः घालावी. पावसाची झड पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंनीं येते, म्हणून त्या भिंती प्रथम पाहाव्या. पागोळ्यांनीं जोत्यालगत खणलेली चर बुजवून पाणी दूर जाईल असा उतार द्यावा. भिंतीच्या बुडाशीं लोणा फुटला असेल तर ओल जमिनींतून चढते आहे असें समजावें. जोत्याच्या दगडावरून वर गेलेली मातीची बारीक नळी ही वाळवीची वाट होय. ती नुसती पुसून भागत नाहीं, मूळ शोधावें लागतें. सांध्यांत उगवलेला पिंपळ किंवा उंबर बोटाएवढा असतांना मुळासकट निघतो. मनगटाएवढा झाल्यावर भिंत घेऊनच निघतो. वळचणीस आलेलीं वाशांचीं टोकें काठीनें ठोकून पाहावीं. आवाज पोकळ आला तर तो वासा दुसरा पावसाळा काढील असें समजूं नये. झालेल्या कामाची परीक्षा वैशाखांतला वळीव आपण होऊन घेतो, आणि दुरुस्तीस अजून अवधि असतो.

हें ज्ञान केवळ गृहस्थाचें नव्हे, राज्यकर्त्यांचेंही होतें. इ. स. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत, पावसाळ्यांत तटास वाढणारें झाड व तटाखालचें गवत दरवर्षीं काढावें, केर गडाखालीं न टाकतां जाळून त्याची राख परसांत घालावी, असे बारकावे आले आहेत. आमच्या कामाचें कलम दारूखान्याचें आहे. दारू तळघरांत माचावर ठेवावी, सर्दी पोंचूं देऊं नये, आणि आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मुद्रा करावी, असा त्याचा आशय. दारू काय, कागद काय, सर्दीचें भक्ष्य दोन्ही. ज्या राज्यांत दारूस ही व्यवस्था होती, त्याच राज्याच्या सनदा आज चुलीवरच्या माळ्यावर पडाव्या, हें चमत्कारिक आहे.

याच तालुक्यांतील कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनीं शके १८३८ त, म्हणजे इ. स. १९१६ सालीं, प्रसिद्ध केली. शिवजन्माची फाल्गुन वद्य ३ शके १५५१ ही तिथि तींतच मिळाली, आणि बखरींवर चाललेल्या वादास नवा आधार आला. तीं थोडकीं पानें अनेक पावसाळे तगलीं, म्हणून. रोहिडखोऱ्यांतील पावसाळे!

इ. स. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें तीं कौलें देशावरही आलीं. त्यांची खांच एकमेकींत बसत असल्यानें वानरांनीं व वाऱ्यानें तीं नळीच्या कौलांइतकीं हलत नाहींत. ही सुधारणा आम्हांस मान्य आहे. मातीच्या भिंतीस बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याची चाल मात्र आमच्या मतें घातक आहे; आंत गेलेली ओल बाहेर पडत नाहीं, आणि वरून धड दिसणारी भिंत आंतून चिखल होते. तेथें मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा असावा. मालक पुण्या-मुंबईस राहत असल्यानें वर्षभर कुलूप असलेल्या घरांत तर हें कळावयासही कोणी नसतें.

म्हणून नकला करण्यास जाणाऱ्यांनीं शक्य तों फाल्गुनांत जावें, व रुमाल सोडण्याअगोदर घरमालकासह बाहेरून एक फेरी घालावी. दप्तराच्या यादींत रुमालांची संख्या आपण लिहितोंच. त्याखालीं ते कोणत्या खणांत आहेत, त्यावरचें पाखें कोणत्या दिशेचें, आणि तें शेवटचें केव्हां शाकारलें, एवढी एक ओळ वाढवावी.