बंदराचे दार आणि दारावरचा माणूस



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमचे शिक्षण सातवीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते गेटसभांत, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात आणि नगरवाचनालयात. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता आपण एक जुनी हकीकत ऐकावी. हकीकत अमेरिकेची आहे. पण ती आमच्याच पेशातल्या माणसांची असल्यामुळे आम्हाला फार झोंबली.

प्रश्न साधा आहे. कायदा विधिमंडळ करते, अंमल सरकारी नोकर करतो. नोकरालाही राजकीय मते असतात. ती त्याने टोपीबरोबर खुंटीला टांगावी आणि मग खुर्चीवर बसावे, अशी आपली अपेक्षा असते. तसे घडते काय?

१८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना दहा वर्षे प्रवेशबंदी करणारा कायदा केला. बंदी मजुरांना होती. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक व प्रवासी यांना मोकळीक होती. या कायद्यामागे कामगार संघटनांचा मोठा जोर होता. त्यांची तक्रार निव्वळ खोटी नव्हती. वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्जच्या कोळशाच्या खाणीत १८७५ साली संप मोडण्यासाठी चिनी मजूर आणले गेले होते. पण राग मालकावर निघायचा तो मजुरावर निघाला. १८८५ च्या सप्टेंबरात त्याच गावी गोऱ्या खाणकामगारांनी २८ चिनी कामगारांना ठार मारले. मारणाऱ्यांत 'नाइट्स ऑफ लेबर' या त्या काळच्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेचे सभासदही होते. या संघटनेने काळ्या कामगारांना आणि स्त्रियांना सभासद करून घेतले होते. चिन्यांना मात्र दार बंद होते.

या संघटनेचे प्रमुख टेरेन्स पाउडर्ली. आईबाप आयर्लंडहून आलेले, स्वतः रेल्वेच्या यंत्रशाळेत घडलेला माणूस. १८९७ साली अध्यक्ष मॅकिन्ली यांनी त्यांना परदेशांतून येणाऱ्यांच्या खात्याचे मुख्य आयुक्त नेमले. १९०२ मध्ये त्यांच्या जागी फ्रँक सार्जंट आले. ते इंजिनावरच्या फायरमनांच्या संघटनेचे पुढारी. १९०८ मध्ये डॅनियल कीफ आले. ते गोदी कामगारांचे पुढारी. म्हणजे १९१३ पर्यंत देशाच्या दाराची किल्ली एकामागून एक तीन कामगार पुढाऱ्यांच्या कमरेला होती. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हाला अभिमान वाटला. पुढची पाने वाचली आणि तो उतरला.

नेमणुका वशिल्याने होऊ नयेत म्हणून त्या देशात १८८३ साली पेंडल्टन कायदा झाला आणि सरकारी नोकऱ्या परीक्षेवर देण्यास सुरुवात झाली. परीक्षेने अडाणी माणूस गाळता येतो. पूर्वग्रह गाळता येत नाही. १८९८ साली सरकारच्या मुख्य कायदेसल्लागाराने मत दिले की, ज्यांना स्पष्ट परवानगी आहे तेवढेच चिनी आत येऊ शकतात. आता पाहा, मूळ कायदा म्हणत होता, मजुराला बंदी. अर्थ असा लावला गेला की, परवानगीच्या यादीत नाव नाही त्या सर्वांना बंदी. कायद्यातले एक अक्षर न बदलता कायदा उलटा झाला. पाउडर्लींच्या खात्याला हा अर्थ मानवणाराच होता. १९०० साली चिनी बंदीचा अंमल त्यांच्याकडे आला आणि तपासणी अधिकच कडक झाली.

दाद कुठे मागावी? १९०५ साली जू टॉय नावाच्या माणसाचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. माझा जन्म अमेरिकेतला, मी येथला नागरिक, असे त्याचे म्हणणे होते, आणि खालच्या न्यायालयाने ते मान्यही केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, खात्याचा निर्णय अखेरचा. दारावरच्या माणसाचा शब्द न्यायाधीशाच्या शब्दावर चढला.

त्याच वर्षी शांघायपासून चीनच्या शहरांत अमेरिकी मालावर बहिष्कार सुरू झाला. आपल्याकडे बंगालमध्ये आणि पुण्यात विदेशी मालावरचा बहिष्कार पेटला तेच हे साल. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तेव्हा हुकूम काढला की, व्यापारी व विद्यार्थी यांच्याशी सभ्यतेने वागावे, न वागल्यास नोकरी जाईल. कायदा तोच राहिला. तपासणीची रीत मात्र सौम्य झाली. म्हणजे कडकपणा सगळाच कायद्याचा नव्हता.

आता आपल्या माणसांकडे येऊ. त्या सुमारास पंजाबातले शेतकरी सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याच काळात तिकडे शिकत आणि मजुरी करत होते. हिंदी माणसाला रोखणारा कायदा तेव्हा नव्हता. तेथील अधिकारी हार्ट नॉर्थ यांनी पुष्कळांना आत घेतले. बांधकाम कामगारांच्या संघटनांच्या बळावर उभ्या असलेल्या आशियाविरोधी लीगने त्यांच्याविरुद्ध ओरड केली आणि १९१० साली नॉर्थ यांना जावे लागले. लगेच परत पाठवल्या जाणाऱ्यांची संख्या वाढली. आधार कोणता? 'सरकारवर भार होण्याचा संभव.' यांच्याविषयी येथे इतका द्वेष आहे की यांना काम मिळणार नाही, म्हणून हे भार होतील! आपणच द्वेष पेटवायचा आणि त्याचाच दाखला द्यायचा. प्रत्यक्ष कायदा १९१७ साली आला. दार त्याआधीच लोटले गेले होते. पुढे चिन्यांना १९४३ साली वर्षाला १०५ आणि हिंदी लोकांना १९४६ साली १०० असा तुटपुंजा प्रवेश मिळाला.

परक्यांचे दोष सांगून आम्ही खाली उतरलो तर ते लबाडीचे होईल. काही वर्षांपूर्वी आमच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतातून कंत्राटी मजूर आले. सभासदत्वासाठी सहा महिने कामाचा पुरावा हवा, असा आमच्या युनियनचा नियम होता. ओळखीच्या पोराकडून आम्ही हजेरीची चिठ्ठी चालवून घेतली. बाहेरच्याकडे कंत्राटदाराचे पत्र मागितले. कंत्राटदार पत्र देत नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक होते. त्यांतल्याच एका पोराची पुढे प्रेसखाली तीन बोटे गेली. भरपाईसाठी तो आमच्याकडे आला तेव्हा आमच्या वहीत त्याचे नाव नव्हते, आणि ते का नव्हते हे आम्ही त्याला सांगू शकलो नाही. नियम आम्ही मोडला नव्हता. पाउडर्लींनीही मोडला नव्हता.

मत नसलेला नोकर कुठे मिळणार नाही, आणि मिळाला तरी तो कामाचा नसेल. म्हणून आमचे मागणे एवढेच आहे. दारावर ज्याला नकार मिळाला, त्याला नकाराचे कारण लेखी मिळावे, आणि ते कारण दुसऱ्या कोणापुढे तपासून घेण्याची वाट उघडी असावी. जू टॉयची तीच वाट बंद झाली होती. आमच्या युनियनमध्ये आता नाकारलेला प्रत्येक अर्ज कारणासह सभेपुढे वाचला जातो. पहिल्या सभेत वाचताना आमचा आवाज अडखळला होता. कारणे मोठ्याने वाचू लागलो तेव्हा अर्ज नाकारणे कमी झाले.