आधी पाय, मग औषध

दिंडी मुक्कामाला पोचली की कुणीतरी तेलाची वाटी घेऊन वारकऱ्यांचे पाय चोळायला बसतोच. फोड पाहतो, पट्टी बांधतो. आपल्याला त्याचे नवल नाही. पण दूर अमेरिकेत, बोस्टन शहरात, बेघरांची वैद्यकी अशीच पायापासून सुरू झाली, ती हकिगत ऐकण्याजोगी आहे.

तेथे पाइन स्ट्रीट इन नावाचा निवारा आहे. आपल्याकडची धर्मशाळाच म्हणा. त्यात 1972 पासून परिचारिकांनी चालवलेला दवाखाना होता. 1985 साली जिम ओकॉनेल हे तरुण डॉक्टर तेथे आले. मोठ्या इस्पितळात तयार झालेले, एक वर्ष सेवा करून कर्करोगाच्या पुढील शिक्षणाला जायचे असे ठरवून आलेले. बार्बरा मॅकिनिस या परिचारिकेने त्यांचा स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि सांगितले, दोन महिने फक्त लोकांचे पाय धुवायचे.

ज्याला घर नाही तो दिवसभर चालतो, उभा राहतो. रात्री कित्येकदा बसल्याबसल्याच झोपतो. पाय सुजतात, मोजे ओले राहतात, हिमात बोटे जातात. शिवाय इस्पितळात रोगी आडवा आणि डॉक्टर उभा असतो. येथे रोगी खुर्चीवर आणि डॉक्टर खाली जमिनीवर! नामदेवरायांनी महाद्वारातली पायरी का पसंत केली, हे जाणणाऱ्याला बार्बराबाईंचा धडा उलगडून सांगायला नको.

एक वृद्ध गृहस्थ मनाच्या आजाराने ग्रासलेले होते. इस्पितळात वर्षानुवर्षे त्यांनी औषधाला नकारच दिला होता. काही आठवडे पाय धुऊन घेतल्यावर त्यांनीच डॉक्टरांना विचारले, तुम्ही डॉक्टर ना, मग पाय काय धूत बसलात? आणि मग झोपेसाठी काहीतरी मागितले. उपचार तेथून सुरू झाला.

पुढे दुसरी अडचण आली. 'घरी जाऊन विश्रांती घ्या' हे बेघराला सांगायचे कसे? जखम ओली, ताप उतरलेला नाही, आणि बाहेर रस्ता. म्हणून एका निवाऱ्यात 25 खाटा घातल्या. 1993 साली त्यासाठी स्वतंत्र वास्तू झाली, तिला बार्बराबाईंचेच नाव दिले. पुढे त्या नावाच्या केंद्रात 104 खाटा झाल्या. बाई 2003 साली गेल्या.

ओकॉनेल यांचे ते एक वर्ष काही संपले नाही. कर्करोगाचे शिक्षण राहिले, आणि पुढची कित्येक दशके ते रात्री गाडीतून कांबळी, गरम सूप घेऊन पुलाखाली झोपलेल्यांना शोधत फिरले.