क्षयाचा कलंक

रोगाची भीति वाटणें स्वाभाविक आहे. परंतु रोगाची लाज कां वाटावी? हिवतापाची लाज कोणास वाटत नाहीं. क्षयाची मात्र वाटते. विवाहाच्या बोलण्यांत तो लपवितात, शेजाऱ्यांपाशीं त्यास ‘अशक्तपणा’ म्हणतात. ही लाज आली कोठून?

तिचें एक मूळ पुराणकथेंत सांपडतें. दक्षाच्या सत्तावीस कन्यांचें पाणिग्रहण करूनहि चंद्र एकट्या रोहिणीवरच अनुरक्त राहिला, म्हणून दक्षाच्या कोपानें त्यास राजयक्ष्मा जडला. येथें रोग हें अपराधाचें फळ ठरतें. चरकसंहितेंतहि ही कथा आहे. परंतु ग्रंथकार रोगाचीं कारणें सांगूं लागतो तीं देहाचींच: शक्तीबाहेरचे श्रम, वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि विषम आहार. लोकांच्या ध्यानांत शाप राहिला; कारणें राहिलीं नाहींत.

२४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. कलंक तेव्हांच पुसला जावयास हवा होता. पण शापाची जागा संसर्गाच्या भयानें घेतली. औषध तर नव्हतेंच. अमेरिकेंतून वैद्यकाची पदवी घेऊन परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास याच रोगानें निवर्तल्या. त्यांचें बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. त्यांच्या मृत्यूंत कोणता अपराध शोधावा?

पुढें पांचगणी, मिरज येथें आरोग्यधामें निघालीं. मोकळी हवा, विश्रांति व सकस अन्न हेच तेथील मुख्य उपाय. रोग्यास घराबाहेर ठेवण्यास तेव्हां कारण होतें. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणखीहि औषधें आलीं. आणि १९५६ सालीं मद्रासेस एक प्रयोग सुरू झाला. दाटीच्या वस्तींतील गरीब रोग्यांपैकीं कांहींस आरोग्यधामांत व कांहींस घरींच ठेवून तींच औषधें देण्यांत आलीं. १९५९ पासून प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे कीं, घरचे रोगीहि जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या कुटुंबीयांस अधिक बाधा झाली नाहीं. हद्दपारीचें शास्त्रीय कारण तेथेंच संपलें.

लाज मात्र संपली नाहीं. समजा, वेसाव्याच्या खाडीपलीकडे मढच्या कोळीवाड्यांत एखाद्या मुलीस दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे. दवाखान्यांत कोणी पाहील, तिचें लग्न मोडेल, या धास्तीनें घरचीं माणसें गप्प बसतात. क्षय ताटवाटीनें पसरत नाहीं. उपचाराविना खोकणाऱ्याच्या श्वासानें, कोंदट खोलींतील हवेंतून पसरतो. म्हणजे ज्या भयानें रोग लपविला जातो, तेंच भय त्यास घरभर पोंचवितें. साधारण क्षय सुमारें सहा महिन्यांच्या औषधानें बरा होतो आणि सरकारी दवाखान्यांत तें विनामूल्य मिळतें. मध्येंच सोडल्यास मात्र जंतु औषधास दाद देईनासे होतात.

चंद्राच्या कथेचा शेवट आपण विसरतों. महाभारतांत देवांनीं त्या रोग्यास वाळींत टाकलें नाहीं. ते त्याच्यासाठीं दक्षाकडे रदबदलीस गेले, आणि चंद्र पुन्हां वाढूं लागला. आपल्या घरच्या माणसासाठीं आपण निदान दवाखान्यापर्यंत त्याच्या सोबतीनें जावें.