मरीमाय : साथीच्या मृत्यूची देवता

मरीआई, मरीमाय, जरीमरी, मरियामा... नावे वेगवेगळी असली, तरी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत या नावांनी ओळखली जाणारी देवता एकच. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, आणि एकूणच साथीच्या रोगाने येणाऱ्या मृत्यूची ती अधिष्ठात्री मानली जाते. ‘मारी’ या संस्कृत शब्दाचा अर्थच मुळी रोगाची साथ. ‘महामारी’ हा शब्द त्यातूनच आला. अशा देवतेला मराठी माणसाने ‘आई’ आणि ‘माय’ म्हणावे, तिची खणानारळाने ओटी भरावी आणि त्याच वेळी तिला शिवेबाहेर पोचवून यावे, हा विरोधाभास लोकदैवतांच्या अभ्यासकांना नेहमीच विचारात पाडत आला आहे.

एक देवता, अनेक नावे

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे अरुणावती नदीकाठचे तालुक्याचे गाव. नागपूर-तुळजापूर महामार्गावरील हे गाव बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे सर्वदूर परिचित आहे. या परिसरात कुणबी, बंजारा, गोंड, बौद्ध आणि मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. वऱ्हाडी बोलीत या देवतेला मरीमाय म्हणतात. गावाचे रक्षण करणारी मातामाय तिच्या जवळची, अनेक ठिकाणी तर तिच्याशी एकरूप झालेली. आर्णी, दिग्रस, पुसद या पट्ट्यातील बंजारा तांड्यांवर मरियामा आणि शीतळा या ‘याडी’, म्हणजे माता, सात भवानींमध्ये गणल्या जातात. आषाढात सात दगड मांडून शीतळेची पूजा होते. माणसांच्या बरोबरीने गुराढोरांनाही रोगराईपासून वाचव, असे साकडे तिला घातले जाते. मध्य प्रांतातील जातीजमातींवर रसेल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही पटकीची देवता म्हणून या मातेची नोंद आहे.

महाराष्ट्राबाहेरही तिच्या बहिणी सर्वत्र आढळतात. कर्नाटकात मारम्मा आणि शिरसीची मारिकांबा, तमिळ प्रदेशात मारिअम्मन, बंगालमध्ये पटकीची ओलादेवी. बंगालच्या मुस्लिम वस्त्यांत हीच ओलादेवी ‘ओलाबीबी’ होते. मुंबईत तर कुर्ला-अंधेरी रस्त्यावरची एक अख्खी वस्ती जरीमरीच्या नावाने ओळखली जाते. ‘जरी’ म्हणजे ज्वर आणि ‘मरी’ म्हणजे मृत्यू. त्या वस्तीत राहणाऱ्या किती जणांना आपल्या पत्त्यातला हा अर्थ जाणवत असेल, हा प्रश्नच आहे.

स्थान आणि स्वरूप

मरीआईचे ठाणे गावाच्या मध्यभागी सहसा नसते. वेशीबाहेर, शिवेवर, वाटा फुटतात त्या ठिकाणी किंवा कडुलिंबाखाली शेंदूर फासलेला तांदळा, हेच तिचे रूप. घडवलेली मूर्ती, शिखर, गाभारा हे सारे नंतरचे. प्राच्यविद्यापंडित दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मातृदेवतांच्या अशा आडवाटेच्या ठाण्यांकडे लक्ष वेधले होते. ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ च्या ग्रंथात त्यांनी या ठाण्यांचा संबंध प्राचीन वाटांशी आणि त्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागांशी जोडला. साथ वाटेनेच गावात येते, हा अनुभवही या जागेच्या निवडीशी जुळणारा आहे.

वैदिक परंपरेतही अशी एक देवता आहे. निर्ऋती ही विनाश, क्षय आणि मृत्यू यांची देवता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिने दूर निघून जावे, अशी विनवणी आहे. अग्निचयनाच्या विधीत तिच्यासाठी काळ्या विटा वेगळ्या मांडतात आणि मागे वळून न पाहता परततात. तिची दिशा ती ‘नैऋत्य’. पावसाळ्याच्या तोंडावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांची बातमी वाचणारा वाचक नकळत या मृत्युदेवतेचेच नाव उच्चारत असतो. खेड्यात उतारा टाकून येणाऱ्यानेही मागे वळून पाहायचे नसते, हा संकेत आजही सर्वांना ठाऊक आहे. निर्ऋतीतून मरीआई निर्माण झाली असे म्हणता येत नाही. मात्र नको असलेल्या देवतेला मान देऊन निरोप द्यायचा, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

मरीआईचा गाडा

गावात एकापाठोपाठ एक माणसे दगावू लागली की देवी कोपली, असे मानले जाई. मग गाव एकत्र येई. लहानशा लाकडी गाड्यावर देवीची स्थापना होई. हिरव्या बांगड्या, चोळीचा खण, हळदकुंकू, लिंबू, दहीभात असा साज चढे आणि वाजतगाजत हा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडला जाई. पुढच्या गावाने तो आपल्या हद्दीतून आणखी पुढे ढकलायचा. संकट टळावे ही त्यामागची भावना होती. पण ते टळायचे म्हणजे शेजारच्या गावाकडे जायचे, हेही त्यात गृहीत होते. या प्रथेची सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू हीच.

आषाढ हा मरीआईचा महिना. पहिल्या पावसाने विहिरी-नाल्यांत घाण उतरते आणि पटकी उसळते, तो हाच काळ. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात या दिवसांत पोतराज दिसत. वाढवलेले केस, कमरेला रंगीत चिंध्यांचे आभरान, पायांत घुंगरू आणि स्वतःच्याच उघड्या अंगावर ओढला जाणारा कोरडा. सोबत डोक्यावर देव्हारा घेतलेली त्याची बायको. तिच्यामुळेच हे जोडपे ‘कडकलक्ष्मी’ म्हणून ओळखले जाई. दक्षिणेत ग्रामदेवतेचा भाऊ मानला जाणारा ‘पोतुराजू’ आणि मराठी पोतराज यांचे नाते उघडच आहे.

भार कोणावर?

देवी साऱ्या गावाची, पण तिची सेवा मात्र गावकुसाबाहेरच्यांकडे, अशी ही व्यवस्था होती. मरीआईचे पुजारीपण बहुतेक ठिकाणी महार समाजाकडे, तर पोतराजाची परंपरा मुख्यतः मातंग समाजाकडे होती. रेड्याचा बळी देणे, मेलेली जनावरे ओढणे, देवीचा कोप अंगावर घेणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली. अलेक्झांडर रॉबर्टसन यांच्या १९३८ च्या ‘द महार फोक’ या पुस्तकात महारांच्या धार्मिक जीवनातील मरीआईचे स्थान नोंदले आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात आषाढातल्या देवदेवस्कीचे आणि नवसाने मुलगा पोतराज म्हणून सोडण्याच्या प्रथेचे आतून केलेले वर्णन येते. घरातला एक मुलगा देवीला वाहिला की त्याचे शिक्षण आणि त्याचे भवितव्य तिथेच संपे. मृत्यूच्या भीतीची किंमत अशी पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूने चुकती होत राहिली.

उत्तरेतली हेल

मृत्यूला स्त्रीरूपात पाहण्याची वृत्ती भारतापुरती नाही. युरोपच्या उत्तरेकडील नॉर्स पुराणकथांत ‘हेल’ ही मृतांची स्वामिनी आहे. आइसलँडचा विद्वान स्नोरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘एड्डा’त तिची हकिकत येते. लोकी आणि राक्षसी अंगरबोडा यांची ही मुलगी. तिचे अर्धे अंग मांसाच्या रंगाचे आणि अर्धे काळेनिळे. देवराज ओडिनने तिला खालच्या लोकात ढकलले आणि रोगाने वा म्हातारपणाने मरणाऱ्यांची व्यवस्था तिच्याकडे सोपवली. रणात पडलेले वीर ओडिनच्या वल्हाल्लात जात; अंथरुणावर मेलेले हेलकडे. तिच्या ताटाचे नाव ‘भूक’ आणि सुरीचे ‘दुष्काळ’.

हेल कोणाला मारत नाही. ती मेलेल्यांना ठेवून घेते. देवांचा लाडका बाल्डर तिच्याकडे गेला, तेव्हा त्याला परत सोडण्यासाठी तिने एकच अट घातली. जगातल्या प्रत्येक वस्तूने त्याच्यासाठी रडावे. सारे रडले, एक राक्षसी तेवढी रडली नाही, आणि बाल्डर तिथेच राहिला. इथे हेल क्रूर नसून नियमाला पक्की आहे. प्राचीन काळी तिची पूजा होत होती, याचा ठोस पुरावा मिळत नाही. आइसलँडमध्ये १९७२ मध्ये जुन्या धर्माच्या अनुयायांची संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अधिकृत मान्यता मिळाली. युरोप-अमेरिकेतही अशा धर्माचे अनुयायी वाढले. त्यांच्यापैकी काहींना हेल ही पूर्वजांना आसरा देणारी, शांत आणि निःपक्षपाती माता वाटते. ज्या देवतेला पूर्वी कोणी नवस केला नसावा, तिच्याशी आता जिव्हाळ्याचे नाते जोडले जात आहे.

मरीआईशी अधिक जुळते ती नॉर्वेच्या लोककथांतली ‘पेस्टा’. प्लेगची साथ १३४९ मध्ये नॉर्वेत पोचली आणि गावेच्या गावे ओस पडली. त्या आठवणीतून काळ्या वस्त्रांतली ही म्हातारी जन्मली. तिच्या हातात दाताळे असेल तर काही जण वाचणार, झाडू असेल तर कोणीच नाही. मात्र पेस्टाची ओटी कोणी भरली नाही. मरीआईशी बोलता येते, तिला समजावता येते, रागे भरता येते आणि नवसही करता येतो. हेल मृतांची मालकीण, पेस्टा मृत्यूची दूती, तर मरीआई मारणारी आणि तारणारीही. मेलेल्यांचे पुढे काय होते, याच्याशी तिला कर्तव्य नाही. तो प्रांत यमाचा आणि पितरांचा.

जंतू आणि देवी

पटकी महाराष्ट्राला जुनीच. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले. पोर्तुगिजांनी त्याला दिलेले नाव ‘मोडशी’ या इथल्याच शब्दावरून घेतलेले होते. बंगालमधील जेसोर भागात १८१७ मध्ये उसळलेली साथ पुढच्याच वर्षी मुंबईपर्यंत पोचली आणि नंतर जगभर पसरली. हा रोग दूषित पाण्यातून पसरतो, हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात त्याचा जंतू निश्चित केला. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये या जंतूच्या विषाचा शोध लावला आणि १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवता येतात, हे सिद्ध केले.

भाषेने मात्र दोन्ही समजुती एकत्र नांदू दिल्या. ‘तुला पटकी येवो’ ही शिवी उरली. ज्या रोगाला मराठीत ‘देवी’ हेच नाव आहे, त्याची लस ‘देवीची लस’ झाली आणि ती टोचणाऱ्याला ‘देवी डॉक्टर’ म्हटले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये देवी रोगाच्या निर्मूलनाची घोषणा केली, पण शीतळेची देवळे ओस पडली नाहीत. साथ नवी आली की देवीही नवी येते. बंगळूरमध्ये प्लेगनंतर ‘प्लेग मारम्मा’ आली, २०२० मध्ये बिहारमध्ये ‘करोना माई’ची पूजा झाली आणि २०२१ मध्ये कोइमतूरजवळ ‘करोना देवी’ची मूर्ती बसवण्यात आली.

नकार

मरीआईशी असलेल्या नात्याचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे नकाराचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि दोनच दिवसांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. विदर्भातल्या असंख्य वस्त्यांनी त्यानंतर जुने देव्हारे रिकामे केले. पिढ्यान्‌पिढ्या जिची सेवा केली, तिलाच सोडणे हे सोपे नव्हते. तिच्या कोपाची धास्ती मनात घर करून होती. मात्र ज्यांच्यावर सेवेचा सर्वाधिक भार होता, त्यांनीच तो खाली ठेवला. पुढे पोतराजांच्या जटा कापून त्यांच्या मुलांना शाळेत घालण्याचे कामही सामाजिक कार्यकर्त्यांनी हाती घेतले. अघोरी प्रथांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ मध्ये आला.

पटकी मात्र पूर्णपणे गेलेली नाही. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या खेड्यांत विहिरीचे दूषित पाणी प्यायल्याने पटकीची लागण झाली आणि काही जण दगावले. कॉलऱ्याने होणारे मृत्यू २०३० पर्यंत नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट जगाने २०१७ मध्ये ठरवले आहे. मरीआई ज्या शिवेवर उभी केली गेली, ती शीव आता गावाभोवतीची राहिलेली नाही. ती स्वच्छ पाणी मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या वस्त्यांच्या मधून जाते. आषाढात शिवेवरच्या तांदळाला आजही शेंदूर लागतो. तो लावणाऱ्यांपैकी अनेक जणांचे एक मागणे शंभर वर्षांपूर्वी होते तेच आहे : घरातले लेकरू पावसाळ्यातून सुखरूप निघावे.